वेढ्याचे नियम आणि सहा सेकंदांची फेरी

कल्पनाविश्वात खेळल्या जाणाऱ्या, फाशांवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत एखादा किल्ला वेढला गेला की खेळ हमखास अडतो. तलवारीचा वार, बाणाचा नेम, मंत्राचा परिणाम यांचे नियम काटेकोर असतात. दगडफेकी यंत्र तटासमोर उभे राहिले की मात्र ते किती माणसांनी चालवायचे, किती वेळाने डागायचे, आणि तट नेमका केव्हा पडला म्हणायचे, यावर पाटाभोवतीच्या खेळाडूंचे एकमत होत नाही. या गोंधळाचा दोष सहसा नियमांच्या ढिल्या भाषेला दिला जातो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वाक्ये दुरुस्त केली तरी गोंधळ राहतो, कारण वेढा ज्या मापाने मोजला जातो ते मापच चुकीचे आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील किल्ल्यांना पडलेले वेढे या नियमांशेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसते.

नियमांचा उगम

या प्रकारातला पहिला व्यावसायिक खेळ म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो उपजला मात्र १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धखेळातून. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या त्या खेळात छोट्या शिशाच्या बाहुल्या मांडून मध्ययुगीन लढाया लढल्या जात. मोठ्या लढाईत एक बाहुली वीस माणसांच्या बरोबरीची धरली जाई आणि एक पाळी साधारण एका मिनिटाची असे. दगडफेकी यंत्रे आणि तोफा यांना तिथे स्वाभाविक जागा होती, कारण त्या खेळाचा नायकच सैन्य होते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने एका बाहुलीला एक माणूस केले. खेळाडू सेनापतीऐवजी एखादा योद्धा, चोर किंवा मांत्रिक झाला. पुढच्या आवृत्त्यांत वेळही आक्रसत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या प्रगत आवृत्तीत लढाईची एक फेरी एक मिनिटाची होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ती सहा सेकंदांची आहे. सैन्याची यंत्रे तेवढी पुस्तकात तशीच राहिली. वीस माणसांच्या मापासाठी घडलेली वस्तू एका माणसाच्या सहा सेकंदांत बसवली गेली. पुढचे सगळे प्रश्न इथून निघतात.

अस्पष्टता नेमकी कुठे

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये वेढ्याची सात साधने दिली आहेत: बॅलिस्टा हे अजस्र धनुष्य, तोफ, उकळत्या तेलाची टांगती कढई, मँगोनेल आणि ट्रेब्युशे ही दोन दगडफेकी यंत्रे, दरवाजा फोडण्याचा ओंडका आणि चाकांवरचा बुरूज. प्रत्येकाला टिकाऊपणाचे आणि माऱ्याचे आकडे आहेत. ट्रेब्युशे भरायला दोन कृती, नेम धरायला दोन आणि सोडायला एक, अशा पाच कृती लागतात. त्याचा दगड लागला की दहा बाजूंचे आठ फासे टाकून नुकसान मोजायचे. त्याची सरासरी ४४ येते.

पहिला प्रश्न माणसांचा. एका पात्राला एका पाळीत एक कृती मिळते. मग पाच जणांनी एकाच फेरीत एकेक कृती वाटून घेतली तर दर सहा सेकंदांना एक दगड सुटतो का? ओंडका चालवायला किमान चार जण लागतात असे पुस्तक सांगते, पण ट्रेब्युशेला असा आकडा देत नाही. त्यामुळे एकटा माणूस अर्ध्या मिनिटात टनावारी वजनाचे यंत्र भरून सोडू शकतो आणि पाच जण मिनिटाला दहा दगड टाकू शकतात. नेम धरणाऱ्याच्या कौशल्याचाही कुठे हिशोब नाही. यंत्राचा फाशावरचा लाभ ठरलेला असल्याने मुरलेला गोलंदाज आणि कालपर्यंत नांगर धरणारा शेतकरी दोघांचा नेम सारखाच.

दुसरा प्रश्न तटाचा. दगडी वस्तूला पुस्तक १७ हा संरक्षणांक देते. ट्रेब्युशेचा लाभ ५ असल्याने वीस बाजूंच्या फाशावर किमान १२ पडावे लागतात, म्हणजे शंभरातले पंचेचाळीस दगडच तटाला लागतात. जागच्या न हलणाऱ्या, शेकडो फूट रुंद तटावरचा नेम अर्ध्याहून अधिक वेळा चुकतो. पण लागलेला दगड अतीच लागतो. मोठ्या वस्तूचे दहा-दहा फुटांचे भाग पाडावेत असे नियम सुचवतो, आणि तेवढ्या मजबूत भागाचे सर्वसाधारण हिट पॉइंट, म्हणजे टिकाऊपणाचे गुण, २७ आहेत. ४४ सरासरीच्या दगडाने तो भाग जवळपास दर वेळी एकाच फटक्यात कोसळतो. हिशोब पूर्ण केला तर पाच माणसांची टोळी दर पाव मिनिटाला दहा फुटांचे खिंडार पाडते.

यावर उपाय म्हणून पुस्तक किल्ल्याच्या तटाला नुकसानीची किमान मर्यादा द्यायला सुचवते. एका फटक्याचे नुकसान त्या मर्यादेखाली असेल तर तटाला काहीच होत नाही. ही मर्यादा किती असावी, हे मात्र पुस्तक सांगत नाही, आणि संपूर्ण वेढा या एका आकड्यावर लटकतो. ती ३० ठेवली तर लागलेला जवळजवळ प्रत्येक दगड परिणाम करतो. ६० ठेवली तर लागलेल्या शंभर दगडांतले जेमतेम तीन. तीन फाशांच्या बॅलिस्टाला ३० ची मर्यादाच कशीबशी गाठता येते. एका डन्जन मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाकडे, किल्ला मिनिटाभरात पडतो आणि दुसऱ्याकडे कधीच पडत नाही. दोघेही नियमाला धरूनच वागलेले असतात.

तिसरा प्रश्न यादीत काय नाही याचा. यादीत सुरुंग नाही. उंचीचा हिशोब नाही. ट्रेब्युशेचा बाराशे फुटांचा पल्ला मैदानावर आणि डोंगराखालून वर सारखाच धरला जातो. धान्य, पाणी, पाऊस, किल्ल्याबाहेरची फौज आणि बोलणी यांचा यंत्रांच्या नियमांशी काही संबंध लावलेला नाही.

अजिंक्यताऱ्याची कसोटी

औरंगजेब ८ डिसेंबर १६९९ रोजी साताऱ्याच्या किल्ल्यासमोर, म्हणजे अजिंक्यताऱ्यासमोर, येऊन ठाकला. वय ८१ वर्षांचे. वाटेत कऱ्हाडजवळचा वसंतगड त्याने घेतला होता. त्याची छावणी किल्ल्याच्या उत्तरेला करंजे येथे पडली. तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान मोर्चे पुढे सरकवीत होता आणि शहजादा आझम दुसऱ्या बाजूने दाब देत होता. त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या सत्तेचा तोफखाना इथे जमला होता. वर प्रयागजी प्रभूंच्या हाताखालची मोजकी शिबंदी होती आणि कड्यावरून लोटायला हवे तेवढे धोंडे होते.

नियमांच्या हिशोबाने हा सामना पहिल्याच दुपारी संपायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे साडेचार महिने चालला. तोफा डोंगराच्या उतारावर चढवायला, मोर्चे बांधायला आणि तटाखालचा कातळ पोखरायला ते महिने गेले. १३ एप्रिल १७०० रोजी दोन सुरुंग उडवले गेले. पहिल्याने तटाचा भाग उडाला, आतली बरीच माणसे मेली. प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला, एल्गारासाठी खाली दबा धरून बसलेल्या मुघल सैन्यावरच कोसळला आणि सुमारे दोन हजार माणसे चिरडली गेली.

खेळाच्या भाषेत सांगायचे तर तट पडला, आणि तरीही किल्ला पडला नाही. तो आठवडाभरानंतर, २१ एप्रिलला, बोलणी होऊन मुघलांच्या हाती आला. वेढा चालू असतानाच, मार्चच्या सुरुवातीला, राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले होते. औरंगजेबाने किल्ल्याचे नाव आझमतारा ठेवले आणि लगेच परळीच्या किल्ल्याला, म्हणजे सज्जनगडाला, वेढा घातला. तोही जूनमध्ये वाटाघाटीने मिळाला, पण तोवर पाऊस सुरू झाला होता. परतीच्या वाटेवर फुगलेल्या नद्या, चिखल आणि टंचाई यांनी मुघल छावणीचे जे हाल केले ते शिबंदीच्या माऱ्यानेही झाले नव्हते. त्याच वर्षी माण नदीच्या काठी, खवासपूरच्या मुक्कामी, रात्री आलेल्या पुराच्या गोंधळात बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला.

या मोहिमेचा एकूण ताळेबंद आणखी बोलका आहे. १६९९ ते १७०५ या काळात बादशहाने जातीने सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशा किल्ल्यांना वेढे घातले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवल्याप्रमाणे यांतला महाराष्ट्रातला फक्त तोरणा हल्ला करून, शिड्या लावून जिंकला गेला. बाकीचे पैसा, अटी आणि बोलण्यांनी. तोफांनी किल्ले घेतले नाहीत. तोफांनी बोलणी कोणत्या भावाने व्हायची ते ठरवले.

जागा, पोट आणि माणसे

यंत्राचे महत्त्व कमी नाही. ते कुठे उभे करता येते यावर ठरते. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातला भूपाळगड, म्हणजे आजचा बाणूरगड, याचे उदाहरण आहे. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने त्यावर चाल केली. फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होते आणि संभाजीराजे त्या वेळी दिलेरखानाच्या छावणीत होते. मुघलांनी महत्प्रयासाने शेजारच्या उंचवट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून बुरूज उडवला. मग एका दिवसात निकाल लागला. सातारा जिल्ह्यातल्या वासोट्यावर एप्रिल १८१८ मध्ये हेच झाले. जनरल प्रिट्झलरच्या इंग्रज तुकडीने समोरच्या जुन्या वासोट्यावर उखळी तोफा नेल्या आणि दुर्गम म्हणून नाव असलेला किल्ला लवकरच शरण आला.

हे तत्त्व मराठी राज्यकर्त्यांनी लिहूनही ठेवले होते. १७१५-१६ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' किल्ल्याजवळ दुसरा उंच डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगांनी फोडून बुटका करावा, ते शक्य नसेल तर तोही बांधून ताब्यात घ्यावा, असे बजावते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, दारूखाना घरांपासून दूर ठेवावा, अशा सूचनाही त्यात आहेत. शस्त्रांच्या आकड्यांऐवजी जागेपासून सुरुवात करणारे ते खरे वेढ्याचे नियमपुस्तक आहे.

जागेनंतर पोट येते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ताई तेलिणीने वासोटा बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. तो पडला तो धान्याच्या कोठाराला आग लागल्यामुळे. इंग्रजांनी अकरा-एक वर्षांनी जो किल्ला तोफांनी झटपट घेतला, तोच किल्ला पेशव्यांच्या सरदाराला कोठार जळेपर्यंत दाद देत नव्हता. तट एकच, निकालाची कारणे दोन.

वेढा घालणाऱ्यालाही पोट असते, आणि पाठही. १६५९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेऊन मिरजेच्या भुईकोटाला वेढा घातला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सिद्दी जौहरची आदिलशाही फौज चालून आल्यावर तो वेढा उठवून त्यांना पन्हाळ्यावर जावे लागले. मिरज मराठ्यांच्या हाती पक्की आली ती १७३९ मध्ये, शाहू महाराज स्वतः वेढ्यावर जाऊन बसल्यानंतर. साताऱ्याच्या वेढ्यात धनाजी जाधवांसारखे सरदार किल्ल्याबाहेरून मुघलांची रसद तोडत होते. ज्या यंत्राला बैल, वैरण, दारू आणि पगार मिळत नाही, ते यंत्र लाकूड आणि लोखंडच राहते.

शेवटी माणसे. १७०८ च्या सुरुवातीला शाहू महाराजांनी तोवर पुन्हा मराठ्यांच्या हाती आलेला सातारा मागितला तेव्हा परशुरामपंत प्रतिनिधी किल्ला लढवायच्या तयारीत होते. पण किल्ल्यावरच्या शेख मिराने त्यांनाच कैद करून दरवाजा उघडला. नुकसानीचा एकही आकडा न मोजता अजिंक्यतारा मालक बदलून मोकळा झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे खेळ कल्पनेचे आहेत. जिथे आकाशातून ड्रॅगन आग ओकतो आणि मांत्रिक भूकंप घडवतो, तिथे सतराव्या शतकातल्या वैरणीचा हिशोब कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो रोख चुकवतो. प्रश्न वास्तवाशी इमान राखण्याचा नाही. खेळाडूला आधी विचार करून डाव रचता येतो की नाही, याचा आहे. ड्रॅगनची आग किती लांब जाते आणि किती भाजते, हे पुस्तकात ठरलेले असते, म्हणून तिच्यापासून बचावाची योजना करता येते. तट किती वेळात पडतो हे न ठरवता सोडले, तर योजनेऐवजी डन्जन मास्टरच्या मर्जीचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे लिहून काढण्यापेक्षा पंचाच्या निवाड्यावर सोडावे, असे तो म्हणतो. युद्धखेळांच्या इतिहासात त्याला आधार आहे. प्रशियन सैन्यात १८२४ साली राइसविट्झने तक्ते आणि फासे असलेला काटेकोर युद्धखेळ आणला. ते तक्ते जड वाटू लागल्यावर १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआने नियम जवळपास बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त खेळ मांडला. तो चाललाही. पण त्या पंचांनी खऱ्या मोहिमा पाहिल्या होत्या; १८७०-७१ चे फ्रान्सबरोबरचे युद्ध ताजे होते. आजच्या डन्जन मास्टरने तोफ डोंगरावर चढताना पाहिलेली नसते. अनुभव गृहीत धरून नियम गाळायचे असतील तर तो अनुभव पुस्तकाने पुरवला पाहिजे. आकडे देऊन त्यांचा अर्थ न देणारे पुस्तक मुक्तही नसते आणि काटेकोरही नसते.

स्पष्ट नियमांची मांडणी

वरील उदाहरणांतून उपयोगी पडेल अशी मांडणी फार मोठी नाही.

एक, काळाची दोन मापे असावीत. हातघाईला सहा सेकंदांची फेरी आणि वेढ्याला आठवड्याची पाळी. साताऱ्याचा वेढा या मापाने सुमारे एकोणीस पाळ्यांचा होतो आणि दोन-तीन बैठकांत खेळून संपतो. हातघाई चालू असताना मोठे यंत्र संपूर्ण प्रसंगात एकदाच सुटेल.

दोन, प्रत्येक यंत्राला किमान माणसे ठरवावीत. त्याहून कमी असतील तर यंत्र सुटणार नाही. जास्त असल्याने वेग वाढणार नाही. नेम मुख्य गोलंदाजाच्या कौशल्यावर धरावा.

तीन, यंत्राआधी जागा ठरवावी. मैदान, चढ आणि शेजारचा उंचवटा असे तीन प्रकार पुरेत. चढावर यंत्र उभे करायला पाळ्या खर्च कराव्यात. उंचवटा ताब्यात आला तर माऱ्याचा परिणाम दुप्पट धरावा.

चार, तटासाठी नेमाचा फासा टाकूच नये. तटाच्या प्रत्येक भागाला पाळ्यांमध्ये आयुष्य द्यावे, शिबंदीला रात्री डागडुजी करू द्यावी, आणि किमान मर्यादेचा आकडा खेळ सुरू होण्याआधी सर्वांसमोर सांगावा. सुरुंगाला दोन्ही बाजूंना धोका असावा. फासा वाईट पडला तर तट लावणाऱ्यावरच कोसळेल.

पाच, दोन्ही पक्षांचे धान्य, पाणी आणि मनोबल यांची वेगळी नोंद ठेवावी. पाऊस लागला की वेढा घालणाऱ्याची नोंद दुप्पट वेगाने उतरेल. दर पाळीच्या शेवटी बोलण्यांची संधी असावी आणि तिथे मिळणारी अट या नोंदींवरून ठरावी.

या मांडणीत नायकांचे काम कमी होत नाही, उलट वाढते. रसद लुटायला बाहेर पडणे, रात्री उंचवटा घेणे, सुरुंगाचा आवाज ओळखून आतून उलटा सुरुंग खणणे, कोठाराचे आगीपासून रक्षण करणे, शत्रूच्या किल्लेदाराला फितवणे किंवा आपल्याला फितू होण्यापासून राखणे, ही सगळी एका माणसाच्या हिमतीची कामे आहेत आणि सहा सेकंदांच्या फेरीत चोख बसतात. यंत्र मात्र आठवड्याच्या मापातच बसते.

वेढ्याच्या शस्त्रांचे नियम अस्पष्ट राहतात, कारण ते वेढ्याला मोठी लढाई समजतात. वेढा हा वेळेचा, जागेचा आणि अन्नाचा व्यवहार आहे; शस्त्र त्यातला एक घटक. ही गोष्ट मान्य करून लिहिलेला नियम अर्ध्या पानातही स्पष्ट होईल, आणि ती न मानता लिहिलेला नियम कितीही आवृत्त्या निघाल्या तरी वादाचाच राहील.